कसर

करफ्यूच्या चौथ्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमारास निरुपमाने आपल्या वडिलांना मारलं. एकदा नव्हे, तीनदा. पहिली चपराक हातातून निसटली असं तिला नंतर स्वतःला सांगता आलं असतं. माणसं तसं सांगतातच. पण दुसरी नेम धरून बसली होती, आणि तिसरीच्या वेळी तर तिने डाव्या हाताने त्यांची हनुवटी वर उचलून धरली होती, कारण त्यांनी मान खाली घातल्यामुळे गाल नीट सापडत नव्हता. हे हनुवटी धरणं तिला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं. संतापाच्या भरात एवढी काळजी कशी काय घेता येते? तळहात झणझणत होता, बोटांच्या पेरांत ठोके पडत होते, आणि ओलं धोतर दगडावर आपटावं तसा आवाज कानात अजून चालूच होता. अण्णांची कवळी एका बाजूने सुटून ओठांबाहेर आली होती. तिच्या गुलाबी कडेवर रक्ताची बारीक रेघ. त्यांनी उजवा हात कोपरात दुमडून तोंडासमोर धरला होता आणि त्याच्या आडून, एकाच डोळ्याने, ते तिच्याकडे बघत होते. त्याच हाताच्या अंगठ्यावर राखी रंगाची चमकती पूड लागलेली होती.

चार दिवस ती दोघं त्या दोन खोल्यांत कोंडलेली होती. बडोद्याच्या मांडवी दरवाजापासून शंभर पावलांवर, गल्लीच्या तोंडाशी, दुसऱ्या मजल्यावरचं घर. रस्त्याकडे एक खिडकी आणि मागे मोरी. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी सरत आला होता. तेलाच्या आणि धान्याच्या भावांवरून पेटलेलं आंदोलन अहमदाबादेहून बडोद्यात येऊन पोचलं, कॉलेजं बंद पडली, चौकात दोन बस जळाल्या आणि जुन्या शहरात करफ्यू लागला. उत्तरायणातले, म्हणजे संक्रांतीचे, फाटके पतंग विजेच्या तारांवर तसेच लोंबत होते. निरुपमा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. वय त्रेचाळीस, लग्न केलं नव्हतं. अण्णा, म्हणजे श्रीपतराव, एक्याऐंशीचे. संस्थान असताना जामदारखान्यात कारकून होते आणि शाली, शेले, जरीची वस्त्रं यांच्या पेट्या सांभाळणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. गेली तीन वर्षं त्यांचं डोकं फिरत चाललं होतं. दिवसभर त्यांना सांभाळायला गंगाबाई यायची, ती आता पोलिसांच्या पहाऱ्यापलीकडे अडकलेली. त्यामुळे चार दिवस निरुपमाच त्यांना उठवत होती, न्हाऊ घालत होती, भरवत होती, घाण झाली की पुसत होती. तक्रार नव्हती. निदान तक्रारीसारखं काही तिला वाटत नव्हतं. फक्त दुपारी त्यांना मऊ भात भरवताना ते घास गालात धरून ठेवत आणि तिच्याकडे टक लावून बघत, तेव्हा चमच्याच्या दांड्यावरची तिची बोटं आपोआप घट्ट होत.

आणि त्या सकाळी तिने आणखी एक पाहिलं होतं. साडेसातला, खिडकी बोटभर उघडून. बनियनमधला एक माणूस दुधाची बरणी घेऊन भिंतीच्या कडेने झपाझप चालला होता, आणि तीन पोलिसांनी त्याला कोपऱ्यात गाठलं. तो काहीतरी सांगत होता. पहिली काठी बरणीवर बसली, दुसरी मनगटावर. दूध गटारीच्या कडेने वाहू लागलं आणि तो माणूस खाली बसून, दूध वाचवता येईल अशा समजुतीने, ते दोन्ही हातांनी अडवू लागला. काठ्या त्याच्या पाठीवर पडत राहिल्या, घाई न करता, एकीनंतर एक, धान्य कांडावं तशा. निरुपमाला ओरडायचं होतं. खिडकी लावून घ्यायची होती. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती शेवटपर्यंत बघत राहिली आणि आपला श्वास त्या काठ्यांच्या लयीत चालला आहे हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. माणूस लंगडत गेल्यावर तिने चहा केला. हात कापत नव्हते. याचंच तिला नवल वाटलं आणि मग चहात साखर किती घातली तेही आठवेना.

त्यानंतर नऊ वाजता तो नर पतंग कोशातून बाहेर आला. सहा वर्षं ती त्याची वाट बघत होती. अडुसष्टच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन छाणीच्या तळ्याकडे गेली असताना चणीबोराच्या काटेरी झुडपांत तिला काही पानं मधल्या शिरेवर दुमडून रेशमाने टाचलेली दिसली. आत मोहरीएवढं डोकं असलेली हिरवट अळी. घरी आणून वाढवल्यावर त्यातून जो पतंग निघाला, तो कुणी बघितलाही नसता. पंख पसरले तर अकरा मिलिमीटर. पुढचे पंख वाळल्या गवताच्या रंगाचे, त्यांवर राखी भुरका. मधोमध एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून टोकाकडे तिरकी गेलेली पेन्सिलीची ओढ असावी तशी रेघ. मागचे पंख अरुंद, टोकदार, त्यांच्या कडेला पंखापेक्षाही लांब केसांची झालर. तोंडापासून वर वळलेले दोन बारीक स्पर्शक, बैलाच्या शिंगांसारखे. खालच्या मजल्यावरचे गजेंद्रभाई एकदा विचारत होते, "बेन, तमे पतंग उपर भणो छो? एमां भणवानुं शुं?" गुजरातीत पतंग म्हणजे उडवायचा; त्यात अभ्यास करण्यासारखं काय, हे त्यांना कळेना. तिने काचेच्या नळीतला जीव दाखवल्यावर ते मनापासून निराश झाले. "आ तो फूदुं छे," म्हणाले. फूदुंच होतं, दिव्यावर येतं तसलं पाखरू. पण तिने देशातली सगळी वर्णनं चाळली, जुन्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, आणि तो ठिपका, ती रेघ, ती झालर एकत्र कुठेच सापडली नाही. तिने सात नमुने विलायतेतल्या एका तज्ज्ञाकडे पाठवले. तीन महिन्यांनी उत्तर आलं. सातही माद्या आहेत, असं त्याने लिहिलं होतं. रंगावर जाऊ नये. रंग हवामानाने बदलतो. ही नवी जात असू शकेल किंवा आधीच ठाऊक असलेल्या एका जातीचा फिका प्रकारही असू शकेल. नर मिळाल्याखेरीज हिला कुठल्या घराण्यात बसवायचं हे सांगता येणार नाही. नराच्या पोटाच्या टोकाशी जननेंद्रियांची एक कठीण, शिंगासारखी चौकट असते. प्रत्येक जातीची निराळी, कुलपाच्या किल्लीसारखी. ती बघितली की वाद संपतो. पुढची पाच वर्षं दर हिवाळ्यात निरुपमा अळ्या वाढवत राहिली. काही बुरशीने मेल्या. काहींच्या अंगातून परजीवी माश्या निघाल्या. उरल्या त्या माद्या झाल्या. लोक तिला लग्नाचं विचारायचे बंद झाले होते, तेव्हा विभागातले सहकारी हसत नराचं विचारू लागले.

यंदा कॉलेज बंद पडणार हे दिसताच तिने अर्ज करून लहान सूक्ष्मदर्शक आणि नळ्या घरी आणल्या होत्या. नऊ वाजता चौथ्या नळीत तो पानावर बसलेला दिसला. तिने भिंग लावलं. मागच्या पंखाच्या बुडाशी पिवळ्या केसांचा एक झुबका होता, कुंचल्यासारखा. माद्यांना तो नसतो. तिने भिंग पदराने पुसून पुन्हा लावलं. झुबका होताच. लगेच मारायचं नव्हतं. नुकत्याच निघालेल्या पतंगाचे पंख ओले असतात, त्यावरचे खवले सुटतात. दोन तास तरी थांबायला हवं. नळीच्या तोंडाला मलमलीची चिंधी बांधून तिने ती टेबलावर ठेवली. ईथरची बाटली पुसून तयार केली. अण्णांना आंघोळ घातली, कपडे बदलले, थंडी म्हणून अंगावर शाल दिली. ती शाल ते रोज उलगडून, उजेडाकडे धरून, कसर लागून भोकं पडली आहेत का ते तपासत आणि डांबरगोळीचा वास येतो का ते हुंगून बघत. तिला ते बरंच वाटायचं; तेवढा अर्धा तास मोकळा मिळे.

साडेदहाला चौकाकडून आरडाओरडा आला, मग दोन-तीन फटाक्यांसारखे आवाज. खालून गजेंद्रभाई ओरडले, "बेन, बारी बंध करी दो! टियर गॅस छोड्यो छे!" ती आतल्या खोलीतून धावत रस्त्याकडच्या खिडकीशी गेली. खिडकीची कडी नेहमी अडते. डोळे चुरचुरायला लागले, नाकातून पाणी आलं. ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. सगळी मिळून पाचएक मिनिटं गेली असतील. परत आली तेव्हा अण्णा टेबलापाशी खुर्चीवर बसले होते. मलमलीची चिंधी सोडून, तिची नीट घडी घालून, शेजारी ठेवलेली. नळी रिकामी. पतंग त्यांच्या शालीवर, छातीपाशी बसला होता. ती ओरडली नाही, कारण ओरडल्यावर तो उडाला असता. तिने श्वास धरून एक पाऊल पुढे टाकलं. अण्णांनी मान वाकवून त्याच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे कित्येक महिन्यांत इतके स्वच्छ झाले नव्हते. त्यांनी अंगठा उचलला, तो अगदी अलगद त्याच्यावर टेकवला आणि एकाच झटक्यात, शालीच्या विणीला धक्का न लावता, चिरडून बाजूला ओढला. तीस वर्षांचा सराव त्या अंगठ्यात होता.

"गेली," ते समाधानाने म्हणाले, आणि अंगठा तिला दाखवला. "कसर होती. नाहीतर उद्या पेटीभर झाली असती."

मग ते मारणं झालं.

त्यानंतरचं जे होतं ते ती मंदाला, आपल्या धाकट्या बहिणीलाही, कधी सांगू शकली नाही. मारल्याचं तिने सांगितलं. हे नाही. अण्णांच्या ओठातून रक्त हनुवटीच्या पांढऱ्या खुंटांत उतरत होतं. हात तोंडासमोर तसाच होता. आणि निरुपमाचे डोळे त्या अंगठ्यावर गेले. नखाच्या कडेला, पुडीत, एक बारीक पिवळसर दाणा चिकटलेला होता. तिने मान वाकवून बघितलं. पोट. पंखांचा चुरा झाला होता, छाती चेंगरली होती, पण पोटाचं टोक नखाच्या खाचेत सापडून शाबूत राहिलं होतं. तिने टेबलावरचा बारीक चिमटा घेतला आणि अण्णांचं मनगट धरलं. ते किंचाळले. लहान, कोरडी किंकाळी. त्यांना वाटलं, आता चिमट्याने. ते हात ओढू लागले. एक्याऐंशी वर्षांच्या त्या काडीसारख्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. "हलू नका," ती म्हणाली. "अण्णा, हलू नका म्हणते ना!" तिने त्यांचं मनगट टेबलावर दाबलं, त्यावर आपलं कोपर रोवलं आणि वाकून, श्वास रोखून, तो दाणा नखाच्या कडेवरून उचलला. चिमटा जराही हलला नाही. ती चिमटा घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. रक्त पुसायचं राहिलं. राहिलं नाही, पुसायचं आहे हे तिला दिसत होतं. ते नंतर, असं तिने ठरवलं.

पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळावं लागतं, म्हणजे मांस विरघळतं आणि कठीण भाग तेवढा उरतो. स्टोव्हवर पातेल्यात पाणी, पाण्यात नळी, नळीत तो दाणा. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत ती उभी राहिली आणि तिला रूळ दिसला. कारकुनांच्या टेबलावर असतो तो गोल, काळा, लाकडी रूळ. ती नऊ वर्षांची होती. परसातल्या एरंडावरच्या अळ्या तिने आईच्या पोह्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि एका संध्याकाळी त्यातून पतंग निघून घरभर झाले. अण्णा कचेरीतून आले, चपला न काढता दारातच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते राग नव्हता असं तिला आता, स्टोव्हच्या फुरफुरीत, पहिल्यांदा वाटलं. "माझ्या कपड्यांतून हे जामदारखान्यात गेलं तर?" ते ओरडत होते. "माझ्या कपड्यांतून गेलं तर?" हे एकच वाक्य, आणि प्रत्येक वेळी रूळ. आई, कुसुमावती, दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि "पुरे, पुरे हो," म्हणत होती, जसं वाढणाऱ्याला म्हणतात. निरुपमाने असाच हात दुमडून तोंडासमोर धरला होता. डाव्या हाताची करंगळी मोडली ती तेव्हा. ती वाकडीच जुळली. गंमत म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काम करताना ती वाकडी करंगळी टेबलावर टेकली की हात पक्का बसतो. तिच्याइतकी बारीक चिरफाड विभागात कुणालाच जमत नसे. विद्यार्थी विचारत, मॅडम, तुम्ही पतंगांकडेच कशा वळलात? ती म्हणायची, कुतूहल. चौतीस वर्षं ती कुतूहल म्हणत आली होती. अण्णांना जे मारायचं होतं तेच मी घरात आणून ठेवलं, रोज, त्यांच्या डोळ्यांदेखत, ते म्हातारे होईपर्यंत. नळी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवली कुणी?

दहा मिनिटं झाली. तिने उरलेला भाग पाण्यात धुतला, सुईने खवले झाडले, काचपट्टीवर ठेवून उलगडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन पाकळ्या उघडल्या. त्यांच्या आतल्या बाजूला, कुठल्याही चित्रात, कुठल्याही वर्णनात तिने न बघितलेला एक आकडा होता; मुळाशी रुंद, मधे पिळलेला आणि टोकाशी दुभंगलेला. दुसऱ्या पाकळीवरही तसाच. म्हणजे अपघात नव्हे. नवीन जात. नुसती नवी जातच नाही, तिने जिथे ठेवली होती ते घराणंही चुकीचं; ही शेजारच्या घराण्यातली, आणि सहा वर्षं ठिपक्यावर विश्वास ठेवून आपण फसलो. तिला हसू आलं. गळ्यातून मोठ्याने, एकटीचं. इतका निखळ आनंद तिला आयुष्यात दोन-तीनदाच झाला असेल, आणि तो तिने पुरता भोगला. आकड्याचं चित्र काढलं, मापं घेतली, दुसऱ्या बाजूने पुन्हा काढलं. मग पेन्सिल ठेवून ती वळली. अण्णा होते तिथेच होते. मनगट तिने जिथे दाबलं होतं तिथेच, टेबलावर, तसंच ठेवलेलं. हलू नका म्हटल्यावर ते चाळीस मिनिटं हलले नव्हते. रक्त खुंटांवर सुकून काळं झालं होतं आणि खुर्चीखाली लघवीचं थारोळं पसरून त्याचा ओघळ तिच्या पायापर्यंत आला होता.

चार ते सहा करफ्यू शिथिल झाला. निजामपुऱ्याहून मंदा स्कूटरवर नवऱ्याच्या, आनंदच्या, मागे बसून आली. आनंद खाली दुधाच्या रांगेत उभा राहिला आणि ती पिशव्या घेऊन वर आली. "काय गं बाई, नाक्यावर एवढी पूछपरछ केली," असं बोलत आत शिरली आणि अण्णांना बघून थांबली. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. त्यावर चार बोटं दिसत होती. निरुपमाने त्यांना धुतलं होतं, हळद लावली होती, कपडे बदलले होते, पण बोटं कशी पुसणार.

"पोलीस आले होते का वर?" मंदाने विचारलं.

"नाही."

मंदाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. "ताई?"

"मी मारलं."

मंदा खाली बसली. पिशवीतले बटाटे उगीचच टोपलीत काढून ठेवत राहिली. तिला अण्णांनी कधी मारलं नव्हतं. ती झाली तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते, संस्थानही सरत आलं होतं. ते तिला खांद्यावर घेऊन सूरसागरच्या काठाने फिरायचे. दोघी बहिणींचे वडील एकच होते असं निरुपमाला कधी वाटलंच नव्हतं.

"त्यांना काही कळत नाही गं आता," मंदा शेवटी म्हणाली. "लहान मुलासारखे झालेत. त्यांनी तुझं काय बिघडवलं असेल ते... पण त्यांना कळत नाही ने."

"म्हणूनच तर मारता आलं," निरुपमा म्हणाली.

हे वाक्य आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं. ते आत कुठेतरी तयारच होतं. मंदाच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "असं नको बोलूस," ती हळू म्हणाली. "चार दिवसांची जागरणं आहेत तुला. कुणाचाही तोल जाईल. त्यांनी तुला काय काय केलंय ते आई सांगायची मला."

"तोल नव्हता गेला, मंदा. मी त्यांची हनुवटी धरली होती."

मंदा उठली. तिने अण्णांची दोन धोतरं, औषधं आणि कवळीची वाटी पिशवीत भरली. मंदा अण्णांना घेऊन जिन्याकडे निघाली. निरुपमा जिन्यात त्यांचा दंड धरायला पुढे झाली तेव्हा त्यांचं सगळं अंग, न हलता, दगडासारखं झालं. तिने हात मागे घेतला. खाली आनंदने त्यांना स्कूटरवर आपल्यामागे बसवलं, मंदा त्यांना पाठीमागून कव घालून बसली, आणि ती तिघं पावणेसहाच्या रिकाम्या रस्त्यावरून, जळालेल्या बसला वळसा घालून, निघून गेली.

फेब्रुवारीत मंत्रिमंडळ गेलं आणि कॉलेजं रडतखडत सुरू झाली. निरुपमाने काचपट्टी विलायतेला पाठवली. एप्रिलच्या सुरुवातीला तज्ज्ञाचं पत्र आलं: शंका उरलेली नाही, जात नवी आहे, घराण्याविषयीचं तुमचं मतही बरोबर आहे, अभिनंदन. फक्त एक विचारलं होतं. या जातीचा हा एकच नर आणि पुढे हाच मूळ नमुना ठरणार. त्याचे पंख नाहीत, छाती नाही, याचं कारण निबंधात नोंदवावं. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिलं, "हाताळताना इजा झाली." वाचून तिने पान उलटं ठेवलं आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. मग तसंच राहू दिलं. जातीला आईचं नाव द्यायचं तिने सहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. आता कुठल्याही माणसाचं नाव त्या जातीला जोडावंसं वाटेना. तिने गावाचं दिलं, छाणीचं. विभागात पेढे वाटले गेले. प्रमुखांनी चार शब्दांत तिच्या चिकाटीचं कौतुक केलं आणि नाजूक हाताचंही. टाळ्या वाजत असताना तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

दर रविवारी ती निजामपुऱ्याला जायची. पहिले काही रविवार अण्णा तिला बघून भिंतीकडे तोंड करून निजत. ती पायथ्याशी खुर्ची घेऊन बसे, मंदाशी इकडचं तिकडचं बोले आणि चहा पिऊन परत येई. मंदाने तिला एकदाही काही विचारलं नाही. पण अण्णांना भरवायची वेळ झाली की निरुपमा उठून बाहेर येई, आणि मंदा ताट घेऊन आत जायची, ताईकडे न बघता दार ओढून घ्यायची. मार्चअखेर अण्णा खाटेवरून उठून पुन्हा हिंडू-फिरू लागले. आणि एप्रिलमधल्या तिसऱ्या रविवारी निरुपमा दारात आली, तर ते खाटेवरून उठून उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. दोन्ही हात जोडले.

"या, साहेब," ते म्हणाले.

मंदा मुलांना घेऊन बाजारात गेली होती. घरात दोघंच. बाहेर ऊन भाजत होतं. निरुपमाने मागे वळून पाहिलं, कुणी आलं आहे का म्हणून. "अण्णा, मी निरू," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली, वरिष्ठ काही चुकीचं बोलले तरी हलवावी तशी.

"दहा नंबरची पेटी मी स्वतः बघितली होती, साहेब. दसऱ्याच्या आधी. कसर तेव्हा नव्हती. शाल माझ्या हातून गेलेली नाही." ते घाईघाईने बोलत होते, आवाज खाली ठेवून. "पगारातून कापा. बदली करा. माझं म्हणणं नाही." मग ते दाराकडे बघून आणखी जवळ सरकले, आणि डाव्या गालावर हात ठेवून म्हणाले, "पण तोंडावर नका मारू. बाहेर शिपाई बसलेत."

निरुपमाच्या हातातली पर्स खुर्चीवर पडली. तिला वाटलं आपण काही बोलावं, पण कोण म्हणून बोलावं ते कळेना. कोण होता तो साहेब? कुठल्या साली? एकदाच, की पुन्हा पुन्हा? ज्या संध्याकाळी ते चपला न काढता दारात उभे राहिले होते, त्याच्या आधी की नंतर? तिने त्या संध्याकाळचा त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. गालावर काही होतं का? रूळ दिसत होता, त्याचं टोकाशी उडालेलं पॉलिशदेखील दिसत होतं. चेहरा येत नव्हता. तिने तो कधी पाहिलाच नव्हता. आणि आता हे विचारायला जगात कुणी उरलं नव्हतं. जे होतं ते तिच्यासमोर हात जोडून उभं होतं आणि तिलाच तो माणूस समजत होतं. त्यात त्यांची फारशी चूकही नव्हती.

"नाही मारणार," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

ते बसले नाहीत. "घरी मुलगी आहे, साहेब," ते म्हणाले. "थोरली. तिचं बारीक लक्ष असतं. लगेच विचारते."

पण तिने विचारलं नव्हतं. नऊ वर्षांची असताना नाही, नंतर नाही, कधीच नाही. एवढ्याशा अळीच्या अंगावरचे केस मोजणारी मुलगी, तिने बापाच्या तोंडाकडे बघून एक शब्द विचारला नव्हता. निरुपमा पुढे झाली. अण्णांचा हात कोपरात दुमडून वर आला, आणि ती तिथेच थांबली, दोन हातांवर. आपले हात तिने पाठीमागे बांधले, शाळेत बांधतात तसे.  तिचा आवाज बारीक निघाला, नऊ वर्षांच्या मुलीसारखा.

"अण्णा, गालाला काय झालं?"

त्यांनी हाताआडून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात हळूहळू खाली आला.

"काही नाही गं," ते म्हणाले. "पडलो." आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकून, कुजबुजत, "आईला सांगू नकोस."